कुजबुजीपुरते दात

कंपनीत त्यांना सगळे हळूमामा म्हणत. मामा ते तसे कुणाचेच नव्हते. पण एकतीस वर्षं विंगेत बसून कुजबुजत आलेल्या माणसाला आवाज चढवायची सवयच राहत नाही. मग तो घरी, दुकानात, बसमध्येही हळूच बोलतो आणि कंडक्टरला दोनदा विचारावं लागतं, म्हणून हळूमामा.

ते नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या डाव्या बाजूला, दोन काळ्या पडद्यांच्या मधल्या फटीत त्यांचं स्टूल असे. शेजारी एक उलटा खोका, खोक्यावर निळा कागद गुंडाळलेला छोटा दिवा आणि मांडीवर नाटकाची वही. समोर चार पावलांवर, भर उजेडात, माणसं रडत, भांडत, एकमेकांना माफ करत. आणि कुणाचं वाक्य घशात अडकलं की मामा ते अंधारातून अलगद त्याच्या कानाशी नेऊन ठेवत. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला वाटे, नट जरा थांबला, भावना दाटून आली असेल.

ओरडणं कुणालाही येतं. कुजबुजीत आवाज नसतो, नुसती हवा असते. त्या हवेचा ‘त’ करायचा, ‘द’ करायचा, ‘स’ करायचा, तो जीभ, ओठ आणि दात यांच्या जोरावर. हे मामांना कधी कळलं नव्हतं, कारण दात होते तोवर ते कळायची वेळ आली नव्हती.

वरचे पुढचे चार दात दोन-तीन वर्षं हलत होते. साखरेचा आजार जुना, हिरड्या सैल झालेल्या. एका सकाळी भाजलेल्या पावाच्या तुकड्याबरोबर एक दात हातात आला. मामांनी तो पाण्याखाली धुतला, उजेडात धरून पाहिला. निमुळता होता, आणि मुळाशी पिवळा. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बराच लांब. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेले तीन बोटाने हलवून पाहिले आणि म्हणाल्या, “काका, हे पाहुण्यांसारखे उंबऱ्यात उभे आहेत. निघतो म्हणताहेत, निघत नाहीत. काढून टाकू.” आणि काढले.

“लगेच नवे बसवायचं ठरवू या का?” त्यांनी विचारलं.

“बघू,” मामा कापसाचा बोळा चावत म्हणाले. “मी अंधारात बसतो. मला कोण बघतंय?”

घरी बायकोलाही त्यांनी हेच सांगितलं. तिला दहा वर्षांपूर्वीच्या एका तापानंतर जवळजवळ ऐकूच येत नसे. ती समोरच्याचे ओठ वाचायची, आणि नवऱ्याचे तर इतके छान वाचायची की तो जेवताना मनाशी पुटपुटला तरी उत्तर देई. त्या दिवशी मात्र तिने त्यांना तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं.

“मला कोण बघतंय,” मामा तिसऱ्यांदा म्हणाले.

“मी बघते ना,” ती म्हणाली. “ओठ आत गेलेत तुमचे. पुसट छापल्यासारखे दिसताय.”

त्या दिवसांत कंपनीचं एक नाटक जोरात चाललं होतं. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह आहे. तिथला रखवालदार बुडून गेलाय. त्याची विधवा वर्षानुवर्षं दिवा लावत राहते, आणि एक दिवस तिचा पळून गेलेला मुलगा परत येतो. एवढीच गोष्ट. विधवेचं काम करायच्या त्या कंपनीच्या थोरल्या नटी. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, आणि बाई म्हटलं की दुसरी कुठली बाई कुणाच्या मनात येत नसे. त्यांच्यासाठी लोक दूरदूरहून येत. त्या दिव्याच्या खिडकीपाशी गप्प उभ्या राहिल्या की मामांनाही वाटे, नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीपलीकडे गाड्यांचं पार्किंग नाही, पाणीच आहे, आणि आत्ता दार उघडलं तर खारा वारा आत येईल.

दात काढल्यानंतरच्या रविवारी दुपारचा प्रयोग होता. तिसऱ्या अंकात मुलगा आईला विचारतो, की या घरातली माणसं समुद्रच का गिळतो. आई उत्तर देते, “हा तुझ्या आजीचा शाप आहे.” बाई तिथे थांबल्या. मामांनी तीन श्वास वाट पाहिली. तीन श्वासांपर्यंत बाई थांबल्या तर तो अभिनय असायचा, चौथा म्हणजे अडल्या. त्यांनी वाक्य पाठवलं. तोंडाच्या पुढच्या मोकळ्या जागेतून हवा भसकन बाहेर पडली, एक बारीक शिट्टी वाजली, आणि ‘श’ कुठला आणि ‘स’ कुठला काही उरलं नाही.

बाईंनी मुलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि खोल, कापऱ्या आवाजात म्हणाल्या, “हा तुझ्या आजीचा साप आहे.”

मुलाचं काम करणाऱ्या नटाने नकळत पायाखाली पाहिलं. त्यामुळे जे हसले नसते तेही हसले. सगळं नाट्यगृह हसलं. एवढ्या दुःखी नाटकात बिचाऱ्यांना कधीची संधी हवी होती. बाई हसू विरेपर्यंत खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मग पुढचं वाक्य घेतलं. मामा विंगेत दोन्ही हातांनी वही घट्ट धरून बसले होते.

प्रयोग संपल्यावर मॅनेजर आला. तडफदार माणूस, सतत घाईत. “मामा, तुम्हाला प्रयोगाआधी दात काढू नका म्हणून सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.”

“तुम्ही एकदाच म्हणालात,” मामा म्हणाले.

“तेच ते. आता काय करायचं? कानात घालायचं यंत्र मिळतं हल्ली. ऑफिसमधली नवीन मुलगी वाचेल माईकवरून, बाईंच्या कानात सरळ. तुम्ही आराम करा काही महिने. वही तिला देऊन टाका.”

मामांनी वही काखेत धरली. वही कुणाला देणं शक्य नव्हतं, आणि त्याचं कारणही सांगता येण्यासारखं नव्हतं.

कारण असं होतं. बाई जिथे अडत तिथे मामा समासात पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत, म्हणजे पुढच्या खेपेला सावध राहता येई. या नाटकाच्या पहिल्या वर्षी सगळ्या वहीत मिळून चार ठिपके होते. दुसऱ्या वर्षी दहा-बारा झाले. यंदा समास मुंग्या लागल्यासारखे दिसत होते. कधीच न अडलेल्या वाक्यांवर बाई अडत होत्या. एकदा तर स्वतःच्या मुलाचं, म्हणजे नाटकातल्या मुलाचं, नाव त्यांना सुचलं नव्हतं. हे मामांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, कारण प्रत्येक वेळी शब्द वेळेवर पोचला होता. ऑफिसमधल्या मुलीने ती वही एकदा चाळली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कंपनीला कळलं असतं.

“महिनाभर थांबा,” ते मॅनेजरला म्हणाले. “मी दात करून घेतो.”

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर प्लास्टरचे तीन जबडे होते. त्यांनी एकेक मामांच्या हातात दिला.

पहिल्यात टाळूला बसणारी गुलाबी पट्टी होती आणि तिला चार दात लावलेले. “ही काढता-घालता येणारी. लवकर होते, पुन्हा काही कापायचं नाही. पण टाळू झाकला जातो, आणि थोडी हलते.” दुसऱ्यात चार दात एकसंध, दोन्ही बाजूंच्या सुळ्यांवर टोपीसारखे चढवलेले. “हा ब्रिज. पूल म्हणा ना. घट्ट बसतो, काढावा लागत नाही. पण दोन्हीकडचे सुळे घासून बारीक करावे लागतात, आणि सगळा भार त्यांच्यावर. तुमचे सुळे, खरं सांगू का, स्वतःचाच भार कसाबसा पेलताहेत.” तिसऱ्याच्या हिरडीत दोन बारीक स्क्रू दिसत होते. “हे इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचे, हाड त्यांना धरेपर्यंत थांबायचं, मग त्यांच्यावर दात. सगळ्यांत पक्कं हेच. पण आधी जखमा भरल्या पाहिजेत, साखर ताब्यात हवी, खर्च जास्त, आणि सगळं मिळून सहा-सात महिने तरी जातील.”

मामांनी तिन्ही जबडे ओळीने ठेवले.

“यातल्या कशाने कुजबुजता येतं?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना लोक चावण्याबद्दल विचारत, हसण्याबद्दल विचारत, लग्नातल्या फोटोंबद्दल विचारत. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मामांना ते काय काम करतात ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “मला काहीतरी कुजबुजून दाखवा.” खुर्ची फिरवून त्यांनी मामांकडे पाठ केली आणि डोळे मिटले. बाहेर नंबर लावलेली दोन माणसं बसली होती. काचेतून त्यांना आतलं दिसत होतं.

मामांनी विधवेचं पहिल्या अंकातलं वाक्य म्हटलं, दिवा तसाच राहू दे, तो येईल तेव्हा त्याला दिसला पाहिजे.

“वारा आहे,” डॉक्टरीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “सगळीकडे वारा आहे. मधूनमधून शब्द आहेत.” मग वळल्या. “शेवटी इम्प्लांटच. तोवर ही पट्टी लावू. पातळ करवून घेते कारागिराकडून, जेवढी जमेल तेवढी.”

पट्टी दोन आठवड्यांत आली. तोंडात घातली तेव्हा मामांना वाटलं, दुसऱ्याच्या घरात राहायला आलोय. जीभ जिथे जाई तिथे अनोळखी भिंत. लाळ सुटे. जेवणाची चव अर्धी झाली. आणि ‘त’ किंवा ‘द’ म्हटलं की पट्टी टाळूपासून केसभर सुटून परत बसे, टक असा आवाज होई. एकट्या खोलीत तो आवाज घड्याळाएवढा वाटे.

सराव घरातच करायचा होता, आणि ऐकायला घरात कोण? बायको. ती स्वयंपाकघराच्या टेबलापाशी समोर बसायची, शेंगा सोलत, आणि नजर त्यांच्या तोंडावर ठेवायची.

“पुन्हा,” ती म्हणायची. “‘त’ला जीभ बाहेर डोकावतेय. लहान पोरासारखी.”

“तुला ऐकू कुठे येतंय?”

“ऐकायचं काय त्यात? दिसतंय ना.”

आणि खरंच, ती सांगे तसं केलं की टक आवाज कमी होई. ‘स’ला खालचा जबडा किंचित पुढे आणायचा. ‘द’ला जीभ दाबायची नाही, नुसती टेकवून उचलायची. ‘च’ला ओठ गोल. मामांना अक्षरं अशी एकेकटी कधी भेटली नव्हती; ती नेहमी वाक्यांत घोळक्याने येत. आता दुपारच्या उन्हात, टेबलावर पसरलेल्या सालींच्या मधून ती एकेक करून चालत यायची, थांबायची, तपासली जायची. रात्री मामांना स्वप्न पडलं, की पुढच्या फटीतून सगळी व्यंजनं ओळीने बाहेर पडली आहेत आणि पायऱ्या उतरून रस्त्याने निघाली आहेत, आणि बायको खिडकीतून त्यांना नावानिशी परत बोलावते आहे.

महिना भरला तेव्हा त्यांनी मॅनेजरला कुजबुजून दाखवलं. मॅनेजरने घड्याळ पाहत ऐकलं. “टकटक आहे थोडी.”

“समुद्राचं नाटक आहे,” मामा म्हणाले. “होडी धक्क्याला लागतेय समजा.”

मॅनेजर हसला आणि यंत्राचा विषय लांबणीवर पडला.

पट्टीवर ते हिवाळाभर निभावलं. जखमा भरल्या. मामांनी गोड सोडलं, संध्याकाळी नदीकाठाने चालू लागले, साखर खाली आली. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी हाडात दोन स्क्रू बसवले. इंजेक्शनने अर्धं तोंड ढगासारखं झालं होतं. डोक्यावरचा गोल दिवा पेटला आणि मामांच्या मनात आलं, आयुष्यात आपण पहिल्यांदाच उजेडात आहोत आणि बाकीचे अंधारात. यंत्राची घरघर लांबून, भिंतीपलीकडून येत होती. कुणीतरी वाक्य विसरलं होतं, सगळे थांबले होते, आणि ते आपल्यालाच म्हणायचं आहे असं त्यांना वाटत होतं. पण तोंड उघडंच होतं आणि त्यात दुसऱ्यांचे हात होते. काही दुखलं नाही. फक्त शेवटी डोळ्यांतून पाणी आलं आणि ते का आलं ते कळलं नाही.

“झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता हाडाला त्याचं काम करू दे. आपण वाट पाहायची.”

त्याच आठवड्यात बाईंनी निरोप पाठवला, की सकाळी नाट्यगृहावर याल का, कुणी नसताना.

मागचं मोठं दार, जिथून पडदे-खांब आत आणतात, ते उघडं होतं. उन्हाचा एक चौकोन रंगमंचावर पडला होता आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. बाई शाल गुंडाळून दीपगृहाच्या लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मामांनी त्यांना पाठीमागून किंवा बाजूनेच पाहिलं होतं. समोरून त्या लहानखुऱ्या होत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. मामा पहिल्या पायरीवर बसले.

“मामा, तुमच्या वहीत माझी किती पापं आहेत?”

मामांनी गुडघ्यावरची धूळ झटकली.

“मला माहीत आहे तुम्ही खुणा करता. पेन्सिलीचा आवाज येतो मला. आधी क्वचित यायचा. हल्ली असं वाटतं, विंगेत कुणी पत्र लिहीत बसलंय.”

“सगळ्यांचं होतं, बाई. वय झालं की...”

“परवा मी घरी निघाले आणि माझ्याच घराचा जिना ओळखू आला नाही. खाली उभी राहिले. शेजारीण आली, तिच्यामागून चढले. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी या रोगाचं नाव सांगितलं, ते मी मुद्दाम विसरले.” त्या जराशा हसल्या. “घरच्यांना सांगितलंय. कंपनीला नाही. उन्हाळ्यात शेवटचा प्रयोग करून थांबायचं ठरवलंय. पण तोवर मला कुणाची कीव नको. लोक तिकीट काढून कीव करायला आले तर मला रंगमंचावर पाय ठेवता येणार नाही.”

“कुणाला कळणार नाही,” मामा म्हणाले. पट्टी टक झाली. दोघांनाही ऐकू आली.

“तुमचे ते खरे दात कधी येणार?”

“उन्हाळ्यात.”

“मग आपल्या दोघांची एकच तारीख,” बाई म्हणाल्या. “मला वाटतं, तोपर्यंत फारसं काही उरणार नाही माझ्याकडे. सगळंच तुम्हाला द्यावं लागेल. पहिल्या शब्दापासून. जमेल?”

सगळं नाटक म्हणजे दोन तास. इतर नट बोलत असताना बाईंच्या कानात पुढचं वाक्य टाकायचं, आणि त्या ते बोलत असताना त्याच्या पुढचं जुळवून ठेवायचं, पण त्यांना न बुजवता. असं मामांनी कधी केलं नव्हतं. कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं.

“सराव करावा लागेल,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून आठवड्यातून तीन सकाळी ते दोघं तिथे येऊ लागले. बाई जिन्यावर, खिडकीपाशी, टेबलापाशी, मामा स्टुलावर. ते शब्द द्यायचे, त्या घ्यायच्या. सुरुवातीला त्या थांबून थांबून घेत, आजारी माणूस चमच्याने औषध घेतो तशा. मग हळूहळू त्यात एक लय आली. मामांचं वाक्य संपायच्या आत बाईंचं सुरू होई, आणि विधवेचं दुःख जिथल्या तिथे असे, कणभर कमी नाही. शब्द हरवले होते, पण ते कुठे ठेवायचे ती जागा बाईंच्या अंगात तशीच होती. हात वर जायचे तिथेच जात. पाऊल अडखळायचं त्याच पायरीवर अडखळे. मामा बघत राहत आणि मग घाईने पुढची ओळ शोधत.

कधी बाई मधेच विचारत, “हा कोण?” आणि मुलाच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत.

“तुमचा मुलगा. परत आलाय.”

“बरं झालं,” त्या म्हणत, आणि पुढे चालू.

घरी मामांनी बायकोला बाईंचं काही सांगितलं नाही. पण एका संध्याकाळी तिने शेंगांवरून नजर उचलून म्हटलं, “झोपेत आईचे संवाद म्हणत होतात. ‘खिडकी लावू नकोस’, ‘जेवून घे’. इतकं प्रेमाने तुम्ही जागेपणी बोलत नाही.” मामांना लाजल्यासारखं झालं. त्यांनी तिच्यापुढची पाटी ओढून घेतली आणि उरलेल्या शेंगा स्वतः सोलल्या.

उन्हाळा लागला. डॉक्टरीणबाईंनी स्क्रू ठोकून पाहिले, खुश झाल्या. साचे घेतले, रंग जुळवला. “पांढरेशुभ्र नको,” मामा म्हणाले, “खालच्यांना वाईट वाटेल.” शेवटच्या प्रयोगाच्या नऊ दिवस आधी चार दात जागेवर बसले. मामांनी तोंड मिटलं. टाळू मोकळा होता. जीभ घरभर फिरून आली आणि कुठेही ठेचकाळली नाही. त्यांनी ‘त’ म्हटलं. टक झालं नाही. ‘स’ म्हटलं, ‘श’ म्हटलं. दोघं वेगवेगळे उभे राहिले.

“आता माझ्याकडे पाठ करा,” ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पाठ केली, डोळे मिटले. मामा दारापर्यंत गेले आणि तिथून दिव्याचं तेच वाक्य कुजबुजले. त्या वळल्या तेव्हा नाकाचा शेंडा लाल झाला होता. “स्पष्ट आलं,” एवढंच म्हणाल्या. मामांनी खिशातून शेवटच्या प्रयोगाचे दोन पास काढून टेबलावर, जबड्यांच्या शेजारी ठेवले.

घरी बायकोने त्यांना खिडकीशी उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून पाहिला. “काही बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“हां. आलं नीट वाचायला.” आणि ती चहा ठेवायला गेली.

शेवटचा प्रयोग दुपारी चारला होता. बाई थांबणार हे तोवर जाहीर झालं होतं, का ते नव्हतं. थकल्या असतील असं सगळे म्हणत होते. नाट्यगृह भरून माणसं जिन्यांवर बसली होती. बाईंना त्या दिवशी सकाळपासून बरं नव्हतं. रंगपटातून विंगेत आल्या तेव्हा त्यांनी मामांकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं अदबीने पाहिलं.

“मी कुठे जायचंय?” त्यांनी विचारलं.

“खिडकीपाशी,” मामा म्हणाले. “दिवा लावायला.”

“आणि तुम्ही?”

“मी इथेच आहे.”

पडदा वर गेला. बाई उजेडात गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या, काडी ओढली. मामांनी वही उघडली खरी, पण तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बाईंची मान पाहिली, खांदे पाहिले, आणि पहिला शब्द सोडला.

त्यानंतरच्या दोन तासांचं त्यांना पुढे नीट आठवेना. एवढंच आठवे, की आपण एका लांब, शांत पाण्यातून चाललो होतो आणि एक हात आपल्या हातात होता. ते शब्द पुढे ठेवत आणि बाई त्यावर पाऊल टाकत. एक संपायच्या आत दुसरा. कुजबुज त्यांच्या ओठांतून निघे, नव्या दातांवरून धार लावल्यासारखी घासून जाई आणि उजेडात पोचेपर्यंत तो बाईंचा आवाज झालेला असे. काही वेळाने त्यांना कळेनासं झालं की आधी कोण बोलतंय. एकदा त्यांनी शब्द दिलाच नाही आणि तरी बाई बोलल्या. एकदा त्यांनी चुकून मुलाचं वाक्य दिलं. बाई किंचित हसल्या, ते सोडून दिलं आणि वाट पाहिली. तिसऱ्या अंकात बाईंनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं की हा तुझ्या आजीचा शाप आहे. नाट्यगृहात कुणी श्वास घेतला नाही.

पडदा पडला. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. फुलं आली, मॅनेजर रडला, मुलाचं काम करणाऱ्या नटाने बाईंच्या पायाशी बसून घेतलं. बाई हसत सगळ्यांना “छान, छान” म्हणत होत्या. मग विंगेत आल्या, स्टुलापाशी थांबल्या आणि मामांकडे निरखून पाहू लागल्या.

“तुमचा आवाज ओळखीचा वाटतो,” त्या म्हणाल्या.

“मी कंपनीतच असतो,” मामा म्हणाले.

बाईंची भाची त्यांना गाडीकडे घेऊन गेली. मामांनी निळा दिवा मालवला. घरी जाऊन त्यांनी वहीतले ठिपके खोडरबराने पुसायला घेतले. चार संध्याकाळी लागल्या. बायकोने विचारलं नाही. ती फक्त मधूनमधून टेबलावरचा रबराचा चुरा ओल्या फडक्याने पुसून घेत होती. समास कोरे झाले तेव्हा मामांनी वही ऑफिसात नेऊन दिली.

पंधरा दिवसांनी ते दात दाखवायला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई नाटकाने अजून भारावलेल्या होत्या. त्यांनी खुर्ची मागे कलवली, दिवा खाली ओढला आणि हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या, “काय काम केलं हो बाईंनी. मी सारखी कान देऊन होते, तुमचा आवाज येतो का म्हणून. पण त्या कुठे अडल्याच नाहीत. एवढे दात करून घेतलेत, आणि त्या दिवशी तुम्हाला कामच पडलं नाही.”

“नाही पडलं,” मामा म्हणाले. “बसून होतो.”

“असू दे. पुढच्या नाटकाला पडेल. आ करा.”

मामांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.